रंगभवनची गिटार, पाचोऱ्याचा कान

मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडची पहिली कॅसेट 'रॉक अँड रोल रेनिगेड' १९८८ साली सीबीएसने काढली. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. पुढे १९९३ मध्ये याच बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि तो देशभर गाजला. झालं असं, की लोकांना इंडस क्रीड आठवतं आणि त्याआधीचं सगळं पोरवयाच्या खात्यात जमा होतं. माझं मत याच्या उलट आहे. आपल्याकडच्या गिटार-रॉकमध्ये त्या पहिल्या कॅसेटची जागा फार वरची आहे, ती तिला मिळालेली नाही, आणि ती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

माझी भाची हे मानत नाही. ती पाचोऱ्यात गाण्याचे वर्ग घेते, विशारद आहे, आमच्याकडच्या कानबाई देवीच्या गाण्यांना नव्या चाली लावते. तिच्याशी वाद घालणं अवघड, कारण ती नीट ऐकल्याशिवाय बोलत नाही. तिने कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या आणि मगच तोंड उघडलं. पुढचं बोलणं तिच्या वर्गाच्या खोलीत झालं.

"मामा, चाली वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण हे लोक मुंबईचे, आणि गाण्यात मुंबई कुठे आहे? उच्चार तिकडचे, केस तिकडचे, पेहराव तिकडचा. बंडखोर म्हणवून घेतात, ते बंड तरी कुणाविरुद्ध? आणि तुम्ही आयुष्यभर भुसावळ डिव्हिजनमध्ये नोकरी केलेला माणूस. तुम्हाला यात काय सापडलं?"

"बंड कुणाविरुद्ध ते सांगतो. समोर बसलेल्या लोकांविरुद्ध."

"म्हणजे?"

"त्या काळी मुंबईत रॉक बँड म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारा संच. 'डीप पर्पल', 'लेड झेपेलिन' जितकं हुबेहूब वाजवाल तितकं तुमचं नाव. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात 'व्हॉईस ऑफ मुकेश' असायचा ना, अगदी तसंच. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला बीट' स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या. त्यात देशभरातल्या पोरांची स्वतःची काही गाणी होती, पण तो ओघ पुढे फारसा टिकला नाही. मी धोबी तलावच्या रंगभवनात उभा राहून ऐकलेलं आहे. स्टेजवरच्या पोरांनी 'आता आमचं एक गाणं' म्हटलं, की मागून आरोळ्या सुरू. लोकांना ओळखीचं हवं असायचं. अशा वेळी अख्खी कॅसेट स्वतःच्या गाण्यांची काढायची, तीही मोठ्या कंपनीकडून, याला छाती लागते."

"छाती होती, कबूल. पण धाडस केलं म्हणून संगीत चांगलं ठरत नाही. नवी चाल आणि परकं व्याकरण, याला स्वतःचं गाणं म्हणायचं का?"

"तू यमनमध्ये नवी बंदिश बांधलीस तर ती तुझीच ना? यमन तर सगळ्यांचा."

"यमन आपला आहे, मामा. सगळ्यांचा आहे म्हणूनच आपला."

"आणि तुझ्या मांडीपुढे आहे ती पेटी?"

ती हसली नाही. तिला माहीत होतं मी कुठे चाललो आहे. हार्मोनियम फ्रान्समधली. १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये तिचा जन्म झाला, मग कलकत्त्यात तिला हाताचा भाता मिळाला आणि ती जमिनीवर बसली. ती आपली नव्हेच, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असं म्हणत आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत. आज पाचोऱ्यात कुठल्याही भजनी मंडळात जा, पेटी नसली तर भजन उभं राहत नाही.

"पेटीला शंभर वर्षं लागली," भाची म्हणाली. "शिवाय पेटीवर आपण आपलंच गायलो. पेटीबरोबर फ्रान्सची गाणी आणली नाहीत. ह्यांनी वाद्य आणलं आणि गाणंही आणलं."

हा मुद्दा वजनाचा आहे. त्यावर मी पुढे येणारच होतो, पण तिने मध्येच विषय वाद्याकडे वळवला. म्हणाली, "मला आधी तो आवाज समजावून सांगा. तो फाटका आवाज. तो मुद्दाम का फाडतात?"

वर्गात एका विद्यार्थ्याची इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप ठेवलेला होता. मला गिटार येते ती एवढीच: सगळ्यात जाड तारेवर तर्जनी, शेजारच्या तारेवर दोन घरं पुढे अनामिका, आणि उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवून आवाज दाबायचा. या दोन बोटांवर हार्ड रॉकची निम्मी इमारत उभी आहे. मी ते वाजवलं, आधी साध्या आवाजात, मग अँपचं बटण फिरवून आवाज फाडून.

"हा तर सा-प आहे," ती लगेच म्हणाली. "गंधार कुठे?"

"गंधार नाही. घातलाच तर बघ काय होतं." मी तिसरं बोट ठेवलं. साध्या आवाजात ते गोड वाटलं, फाटक्या आवाजात गढूळ झालं. आवाज असा फाडला की प्रत्येक स्वराच्या अंगातले वरचे स्वर उसळून वर येतात. सा आणि प यांचे वरचे स्वर एकमेकांना सांभाळून घेतात. गंधाराचे मात्र त्यांच्यावर आदळतात. म्हणून गिटारवाले गंधार काढून टाकतात आणि नुसत्या सा-प वर सगळा जोर देतात.

मी परत सा-प वाजवला आणि तार सुटी गुंजू दिली. भाचीने अँपच्या जाळीजवळ कान नेला. मान जरा तिरकी केली, डोळे मिटले. "थांबा. परत वाजवा." मी वाजवला. "गंधार आहे की. तुम्ही छेडला नाहीत, पण येतोय. शुद्ध गंधार."

तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच. तो कुणी लावत नाही, जुळलेल्या तारेतून आपसूक उमटतो. तिची सगळी तालीम त्या गंधाराशेजारी बसून झालेली, म्हणून तिला तो अँपच्या खरखरीतही सापडला. मला इतकी वर्षं तो आवाज आवडत होता, त्यात नेमकं काय आवडतं ते मला त्या खोलीत कळलं.

"आणि ते मधले लांबलचक तुकडे?" तिने विचारलं. "ज्यात गाणारा गप्प बसतो."

"सोलो. ते तू ऐक आणि तूच सांग."

तिने तिनईकरांच्या गिटारीचा एक तुकडा मागे-पुढे करत पेटीवर शोधला. तुकडा लावायचा, कॅसेट थांबवायची, पेटीवर बोट ठेवायचं, पुन्हा मागे न्यायची. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा धानी आहे. मधूनमधून बाहेरचा स्वर येतो, पण घर धानीचं."

रॉकचे बरेचसे सोलो याच पाच स्वरांत फिरतात, हे मी वाचलेलं होतं. धानी मात्र माझ्या डोक्यात नव्हता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमधून ते पाच स्वर इंग्लंडला गेले, तिथून रॉक होऊन मुंबईला आले, आणि पाचोऱ्यात एका पेटीने त्यांना धानी म्हणून ओळखलं. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे ती मला लगेच ऐकवणार हे ठाऊक होतं, आणि तिने ते ऐकवलंच. चलन वेगळं, न्यास वेगळे, घाई वेगळी.

"आणि हे जे तार ढकलून स्वर चढवतात," ती पुढे म्हणाली, "त्याला मी मींड म्हणणार नाही. मींडेत मधला रस्ता दिसला पाहिजे. इथे निघाले की पोचलेच."

"पोचल्यावर काय करतात ते ऐकलंस?"

"ऐकलं. पोचल्यावर स्वर हलवतात. तो हलवणं चांगलं आहे, सुरात आहे. खालच्या बाजूला घसरत नाही." मग जरा थांबून, "हात तयार आहे माणसाचा. हे मी आधीच म्हणायला हवं होतं."

तिच्याकडून एवढं ऐकलं आणि मला बरं वाटलं. या कॅसेटबद्दल जे कुणी बोलतात ते 'पहिलेपणा'बद्दल बोलतात. गिटार कशी वाजली आहे यावर फारसं कुणी बोलत नाही. कॅसेटवरच्या आवाजात त्या दशकाच्या खुणा आहेत: ड्रम्सला मोठ्या सभागृहाचा घुमारा, कीबोर्डची चकाकी. तो काळच तसा होता. त्याच्या खाली मात्र गिटार स्वतःच्या पायावर उभी आहे. आणि तेव्हा चांगली गिटार मिळवणं हेच मुळात दिव्य होतं. आयात मालावर जबर जकात. कुणाचा भाऊ आखातातून, कुणाचा काका लंडनहून आणील तेव्हा. नाहीतर कलकत्त्याची 'गिव्हसन' आहेच. तारा तुटल्या तर त्याही सहज मिळत नसत. स्टुडिओंचा सगळा कारभार सिनेमाची गाणी आणि जाहिरातींवर चालायचा.

"सिनेमात गिटार होतीच की," भाची म्हणाली. "'दम मारो दम' १९७१ चं. भूपिंदर सिंगांची गिटार. ती तर खेड्यापाड्यांत पोचली."

"पोचली. आणि मला त्या गाण्यात नेहमी वाटायचं, ही गिटार आणखी थोडी चालावी. सिनेमात ती यायची, मुखडा उघडून द्यायची आणि बाजूला व्हायची. या कॅसेटवरचं 'टॉप ऑफ द रॉक' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती बाजूला झाली नाही. काळा घोड्याच्या 'रिदम हाऊस'मधून ही कॅसेट घेतली होती मी. आता ते दुकानही नाही, २०१६ मध्ये बंद झालं."

"पण मामा, तुमचा कान याला तयार कुठे झाला? पाचोऱ्यात तर हे कुणी वाजवत नव्हतं."

"वाजवत होतं माय. लग्नात."

तिला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. "बेंजो!"

खान्देशातल्या वरातीचा बेंजो ज्याने ऐकला आहे त्याला इलेक्ट्रिक गिटार परकी वाटूच शकत नाही. लांबट लाकडी खोका, त्यावर तारा, आणि डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हातात नखी. खोक्याखाली पिकअप, तिथून वायर आहुजाच्या अँपला, आणि अँपमधून हातगाडीवर बांधलेल्या भोंग्यांत. भोंगा मुळात भाषणासाठी केलेला. त्यात बेंजोचा आवाज पुरता मावत नाही, तो कडेला फाटतो. वाजवणाऱ्याला तो फाटलेला आवाजच हवा असतो, कारण तोच गर्दीच्या वर जातो. नवरदेवाचा घोडा स्टेशन रोडवर थांबला, की बेंजोवाला एकाच स्वरावर नखी अशी चालवतो की पोरं अंग टाकून नाचतात. विकृत केलेला तारेचा आवाज, सगळ्यांच्या छातीत जाणारा ठोका, आणि मध्ये एका माणसाची कारागिरी. रंगभवनात मी हेच ऐकलं, तेव्हा मला ओळख पटली.

"मग मी तेच म्हणते," भाचीने मला बरोबर पकडलं. "बेंजो आपल्याकडे होता. त्या मुंबईच्या पोरांना रस्त्यावर बेंजो ऐकू आला नसेल? गणपतीत, वरातीत? तो त्यांच्या गाण्यात का नाही आला? तुम्हाला पाचोऱ्यात बसून ते नातं दिसलं, त्यांना मुंबईत बसून दिसलं नाही."

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. शहरातल्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांचं घरातलं बोलणं इंग्रजी, मित्रांतलं बोलणं इंग्रजी, ऐकणं इंग्रजी. ते ज्या भाषेत भांडले आणि प्रेमात पडले त्याच भाषेत गायले. त्यात खोटेपणा नाही. त्यांनी जबरदस्तीने मराठी किंवा हिंदीत गायलं असतं तर ते खोटं झालं असतं.

"नंदू भेंडे," ती म्हणाली. दोनच शब्द, पण तिला पुढे बोलायची गरज नव्हती.

नंदू भेंडे म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्युडास झाले, आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त गायले. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, थिएटर अकादमी, मूळ नाटक ब्रेख्तचं. म्हणजे रेनिगेडच्या दहा वर्षं आधी एक माणूस रॉकचा गळा घेऊन मराठी रंगभूमीवर उभा राहिला आणि मराठीत गायला. तो गळा परका वाटला नाही.

"ते नाटक होतं," मी म्हणालो. "नाटकाला गोष्ट होती, पुलंची भाषा होती. गाणाऱ्याच्या मागे अख्खी संस्था उभी होती. पाच-सहा पोरांच्या बँडला पुलं कुठून आणायचे?"

"ही अडचण झाली, मामा. उत्तर नाही झालं."

खरं आहे. या कॅसेटमध्ये सगळ्यात कच्चं काय असेल तर शब्द. ते मी कधीच झाकलेलं नाही. ते शब्द कुठल्याही शहराचे असू शकतात. आणि बँडलाही ते जाणवलं असावं, कारण पुढची सगळी वाटचाल त्याच दिशेची आहे. १९९० ची 'द सेकंड कमिंग' आली. तिच्यातलं 'प्रिटी चाइल्ड' पुढे व्हिडिओमुळे घरोघरी गेलं, एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकपसंतीचं पारितोषिकही त्याला मिळालं. मग नाव बदललं. १९९५ च्या 'इंडस क्रीड'मध्ये इथल्या वाद्यांचे, इथल्या सुरांचे रंग आले. १९९७ मध्ये बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला.

"मला १९९५ चा आवडला," भाचीने सांगून टाकलं. "त्यात ते कुठे राहतात ते कळतं."

"मला पहिला आवडतो. १९९५ चा विचार करून केलेला आहे. पहिल्यात त्यांना कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. भारतीय वाटावं म्हणून काही घातलेलं नाही, परदेशात चालावं म्हणून काही काढलेलं नाही. गिटार हातात आल्यावर जे करावंसं वाटलं ते केलं. आणि एक लक्षात घे, ते पहिलं केलं नसतं तर नाव बदलायला बँडच उरला नसता. दुसऱ्यांची गाणी वाजवत तिशी गाठली असती आणि नोकरीला लागले असते. तसे किती बँड गेले."

"पण मग पहिल्यालाच मोठं का म्हणायचं? पहिली पायरी म्हणा."

"पायरी म्हटलं की लोक तिच्यावर पाय ठेवतात आणि वर जातात. मी तिथे बसतो. पुन्हा पुन्हा ऐकतो. मला त्यातली गिटार दर वेळी काहीतरी देते. आज तर तू तिच्यात गंधार दाखवलास."

यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. खाली रस्त्यावरून शेवभाजीच्या हॉटेलातला फोडणीचा ठसका वर येत होता. विद्यार्थी यायची वेळ झाली होती. त्यांतला एक तो गिटारवाला. वडिलांचं कापसाचं शेत, घरात कुणी वाद्याला हात लावलेला नाही. मोबाइलवर बघून बघून हात बसवला आहे. तो हिंदी गाण्यांचे कव्हर वाजवतो आणि त्याला गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचं आहे.

"त्याला तुमची ही कॅसेट ऐकवू का?" तिने विचारलं.

"ऐकवच. 'टॉप ऑफ द रॉक' बसवायला दे."

"मुळीच नाही. मग तो आणखी एक हुबेहूब वाजवणारा होईल, आणि तुम्हीच मघाशी सांगितलंत की ह्यांचं बंड त्याच्याविरुद्ध होतं." तिने पेटीचा भाता बंद केला. "मी त्याला सा-प देणार. कानबाईच्या गाण्याची चाल देणार, ती पाच स्वरांत बसते. डफाच्या ठेक्यावर ती दोन बोटं चालवायला लावणार. आणि त्याला सांगणार, मधलं कडवं तुझं तू कर."

"आणि शब्द?"

"शब्द मी लिहिते. अहिराणीत. त्याच्या घरची भाषा ती शे, त्याला उच्चार शिकवायला नको."

"लिही. आवाज फाडू दे पण त्याला. मंडळाचे लोक म्हणतील, देवाच्या गाण्याला हा कसला आवाज."

"त्याच लोकांना वरातीत बेंजो चालतो ना? मग चालेल. बोलते मी त्यांच्याशी."

"आणि मधला गिटारचा तुकडा कापायचा नाही. कार्यक्रमाला उशीर झाला म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते."

"किती लांबीचा?"

"त्याला थांबावंसं वाटेपर्यंत."

"दोन आवर्तनं," भाची म्हणाली. "सुरात राहिला तर चार."